घेतलं म्हणजे पोचवायचं

डेबियन नावाची लिनक्स प्रणाली जगभरातले हजारेक स्वयंसेवक मिळून तयार करतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिची तेरावी आवृत्ती आली, तिच्यात जवळपास सत्तर हजार पॅकेजं आहेत. त्यातलं एक लहानसं पॅकेज मी चंद्रपुरात बसून सांभाळतो. त्याचं काम सांगायला सोपं आहे: एका पत्त्यावर आलेली मेल घ्यायची, रांगेत ठेवायची आणि पुढच्या पत्त्यावर धाडायची. प्रोग्राम मी लिहिलेला नाही. लिहिणारा वेगळा, वापरणारे वेगळे, मी दोघांच्या मधला.

यात सांभाळण्यासारखं काय आहे, असं लोक विचारतात. मूळ लेखक त्याच्या सवडीने नवी आवृत्ती काढतो. ती उतरवून घ्यायची, काय बदललं ते ओळ न् ओळ वाचायचं, परवाने तपासायचे. कोणती फाइल कुठे बसेल, सेवा कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालेल, उद्या कुणी पॅकेज काढून टाकलं तर मागे काय उरेल, हे सगळं डेबियनच्या धोरणाप्रमाणे ठरवायचं. 'लिंटियन' नावाचा एक प्रोग्राम त्यातल्या चुका काढतो, अगदी स्पेलिंगच्यासुद्धा. मग अपलोड. त्यानंतर डेबियनची यंत्रं तेच पॅकेज वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी बांधतात, त्यात आयबीएमचा मेनफ्रेमही आला. ते यंत्र मी फक्त फोटोत पाहिलं आहे, पण तिथे बांधणी फसली की निरोप मलाच येतो.

माझा पोटापाण्याचा धंदा वेगळा. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या लहान संस्थांचे संगणक लावून देणं आणि चालू ठेवणं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तीन-चतुर्थांश जंगल आहे. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागांत जायचं तर आधी आलापल्ली गाठायची आणि पुढचं पुढे पाहायचं. अशा ठिकाणी नेट असतं, पण ते कधी असेल यावर भरवसा ठेवून कुणी काम आखत नाही.

डेबियनच्या कामात मी पडलो त्यालाही हेच कारण झालं. डेबियनची बग नोंदवण्याची सगळी यंत्रणा मेलवर चालते. बग नोंदवायचा तर मेल, दुरुस्त झाला म्हणून बंद करायचा तर मेल, मूळ लेखकाकडे पाठवल्याची नोंद करायची तरी मेल. त्यासाठी वेबसाइट उघडी ठेवून बसायची गरज नाही. आलापल्लीच्या लॉजवर रात्री उत्तरं लिहून ठेवायची आणि सकाळी रेंज मिळाली की ती आपोआप निघून जायची. नेटवर्क पक्कं असलेल्या शहरात ही पद्धत जुनाट वाटते. आमच्याकडे ती अजून सगळ्यात चांगली चालते.

आता मेल पुढे धाडायची गरज इथे कुणाला? मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबूचा आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. व्यवहार आला की पत्ता लागतो. अध्यक्ष बदलतो, सचिव बदलतो, पोरांचे मोबाइल नंबर तर सहा महिन्यांत बदलतात. पत्ता मात्र एकच राहिला पाहिजे. म्हणून संस्थेच्या नावाचा एक पत्ता घ्यायचा आणि त्यावर आलेली मेल त्या-त्या वेळच्या तीन-चार जणांच्या खाजगी पत्त्यांवर पाठवायची. व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला, असं तिथल्या पोरांनीच मला विचारलं होतं. मग एका हंगामात ठेकेदाराने बोलीचा आकडा बदलला आणि पुरावा मागायची वेळ आली. तेव्हापासून मेल कशाला, हे कुणी विचारत नाही.

दोन मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा देणारा सगळी मेल वाचून दाखवतो आणि शेवटी घेणारा '२५०' हा आकडा म्हणतो. हा आकडा म्हणजे नुसती पोचपावती समजू नये. २००८ साली ठरलेल्या 'आरएफसी ५३२१' या नियमपत्रात स्वच्छ लिहिलं आहे की घेणाऱ्याने होकार दिला त्या क्षणापासून मेलची जबाबदारी त्याची. एकतर ती पोचवायची, नाहीतर पोचली नाही असं पाठवणाऱ्याला कळवायचं. तिसरा रस्ता नाही. मेल घेतली आणि हरवली, असं सर्व्हरला म्हणता येत नाही. मी सांभाळतो त्या पॅकेजाचं सगळं तत्त्वज्ञान या एका नियमात आलं.

पण पोचवायचं म्हणजे किती दिवस प्रयत्न करायचा? १९८९ च्या नियमपत्रापासून सल्ला एकच आहे: निदान चार-पाच दिवस. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर पाच दिवस थांबतो. डेबियनच्या एक्झिम या मेल सर्व्हरमध्ये पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, मग अंतर वाढवत, मग दर सहा तासांनी असं चार दिवस चालतं. त्यानंतर मेल परत. माझ्या पॅकेजातही मूळ लेखकाने पाच दिवसच ठेवले होते.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर चढला की आलापल्लीचा रस्ता तुटतो, वीज जाते, पाठोपाठ नेट जातं. एकदा गेलं की ते पाच दिवसांत येईल असं नदीने कुणाला लिहून दिलेलं नाही. तिकडच्या एका केंद्राची मेल चंद्रपुरातल्या सर्व्हरवर थांबते आणि तिकडचं यंत्र जागं झालं की उचलून नेतं, अशी व्यवस्था मी लावली होती. एका पावसाळ्यात पूर ओसरेपर्यंत निम्म्या मेल पाठवणाऱ्यांकडे परत गेल्या होत्या. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं होतं. पण परत गेलेल्यांत औषधसाठ्याची यादी होती, आणि 'तुमची मेल पोचली नाही' हे वाचून ती यादी पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवायची तसदी घेतली नव्हती.

पॅकेज माझ्याच हातात. पाचाचे पंधरा करायला एक ओळ बदलायची होती. मी ती बदलली नाही, आणि त्याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. हे पॅकेज कुठे कुठे बसतं हे मला ठाऊक नाही. कुठल्या तरी शहरातल्या दवाखान्याला मेल पोचली नाही हे पाचव्या दिवशी कळतं तेच उशिरा वाटत असेल, पंधराव्या दिवशी कळून त्याला काय उपयोग? माझ्या नदीचा हिशेब त्याच्या यंत्रावर लादायचा मला अधिकार नाही. चंद्रपुरातल्या आमच्या सर्व्हरवर मी पंधरा दिवस केले, आणि एक दिवस उलटला की 'अजून पोचली नाही, प्रयत्न चालू आहे' असा निरोप पाठवणाऱ्याला जाईल अशी सोय केली. पॅकेजाच्या माहितीपत्रात मात्र एक परिच्छेद घातला: जिथे जोडणी बरेच दिवस तुटते तिथे हा आकडा का आणि कसा वाढवावा. डेबियनच्या कामात अडचण आपल्या गावची असली तरी उत्तर सगळ्यांना पेलेल असं द्यावं लागतं.

याच्या उलटही घडतं, पॅकेजातला बदल गावच्या यंत्रापुढे प्रश्न उभा करतो. नवी आवृत्ती चढवताना डेबियन मधेच थांबून प्रश्न विचारतं. एटापल्लीकडच्या एका कार्यालयातल्या मुलाचा फोन आला:

"सर, हे काहीतरी विचारून राहिलं जी. वाय दाबू का एन?"

"वर काय लिहिलंय ते वाच."

त्याने अडखळत वाचलं. प्रश्न असा की, ही फाइल तुम्ही बदललेली आहे आणि पॅकेजवाल्यानेही नवी पाठवली आहे, आता काय करायचं? 'वाय' म्हणजे पॅकेजवाल्याची घ्या. 'एन' म्हणजे तुमची आहे ती राहू द्या. 'डी' म्हणजे दोन्हींतला फरक दाखवा. नुसतं एंटर दाबलं तर 'एन'.

"एंटर मार," मी सांगितलं. "तुझी फाइल राहील."

"आणि तुमची?"

"ती शेजारी वेगळ्या नावाने ठेवली जाईल. सवडीने पाहू."

डेबियनच्या धोरणात कलमच आहे की वापरणाऱ्याने स्वतः केलेले बदल पॅकेज चढवताना पुसले जाता कामा नयेत. पॅकेजवाला कितीही शहाणा असो, एटापल्लीच्या त्या यंत्रावर मेल कुणाकुणाला जायची हे त्या मुलालाच ठाऊक. पण फोन ठेवल्यावर वाटलं, हा प्रश्न त्याला पडायलाच नको होता. पत्त्यांची यादी आणि पॅकेजच्या मूळ सेटिंग एकाच फाइलीत होत्या म्हणून तो पडला. पुढच्या अपलोडमध्ये मी पत्त्यांसाठी वेगळा फोल्डर केला, ज्यात पॅकेज स्वतःची एकही फाइल टाकत नाही. आता तिथे काहीही लिहा, आवृत्ती चढताना त्याला कुणी हात लावत नाही. मूळ लेखकालाही ही कल्पना पाठवली. त्याने घेतली, पण स्वतःच्या पद्धतीने लिहून. ते बरंच झालं, माझा पॅच, म्हणजे मूळ प्रोग्रामवर मी वरून लावलेला बदल, मला काढून टाकता आला.

मेल पुढे धाडणं गेल्या दहा-पंधरा वर्षांत अवघड झालं ते खोट्या मेलमुळे. ईमेललाही टपालासारखं पाकीट आणि आतलं पत्र असतं, आणि पाठवणाऱ्याचं नाव दोन्हींवर असतं. 'एसपीएफ' नावाची तपासणी पाकिटावरचं नाव पाहते आणि विचारते की या नावाची मेल याच यंत्राकडून यायला हवी होती का? थेट आलेल्या मेलला हे ठीक आहे. पण संस्थेच्या पत्त्यावर तहसीलची मेल आली आणि आमच्या सर्व्हरने ती पुढे सचिवाच्या खाजगी पत्त्यावर धाडली, तर पाकिटावर नाव तहसीलचं आणि यंत्र आमचं. म्हणजे संशयित. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने नियम आणखी कडक केले. ज्या मेलची ओळख पटत नाही ती आता दारातूनच परत जाते.

यावर उपाय म्हणजे पाकिटावरचं नाव बदलून आमच्या डोमेनचं घालायचं आणि मूळ पत्ता त्यातच बांधून ठेवायचा. मेल परत आली तर तो उलगडून मूळ पाठवणाऱ्याकडे जाते. कुणी बनावट पत्ता बांधून आमच्या सर्व्हरकडून कचरा पाठवू नये म्हणून त्यात तारखेची आणि गुप्त किल्लीची खूण असते. या पद्धतीला एसआरएस म्हणतात. पॅकेजच्या दृष्टीने इथे महत्त्वाची ती किल्ली. ती प्रत्येक यंत्रावर वेगळी तयार झाली पाहिजे, इतर वापरकर्त्यांना वाचता येता कामा नये आणि आवृत्ती चढताना बदलता कामा नये. नाहीतर वाटेत असलेल्या मेल परत आल्या तर उलगडणार नाहीत. वाचणाऱ्याच्या कधीच लक्षात न येणाऱ्या पाच-सहा ओळी त्यासाठी लिहाव्या लागतात.

पाकिटाला हात लावता येतो. पत्राला लावता येत नाही. 'डीकेआयएम' ही दुसरी तपासणी पत्राच्या मजकुरावर सही करते आणि मजकूर एका अक्षराने बदलला तरी सही खोटी ठरते. हे मला मराठीमुळे नीट कळलं.

एका संस्थेत स्थानिक पोरांनी लिहिलेला प्रोग्राम होता, रोजचा अहवाल मेलने धाडणारा. इंग्रजी अहवाल जायचे, मराठी परत यायचे. "मेलला मराठी चालत नाही" असा निष्कर्ष निघून मंडळी पुन्हा इंग्रजीत लिहू लागली होती. परत आलेली मेल उघडून पाहिली तर भाषेचा काही संबंध नव्हता. मेलमधली एक ओळ ९९८ बाइटपेक्षा लांब असू नये असा जुना नियम आहे, आणि डेबियनचा एक्झिम त्याहून लांब ओळ असलेली मेल पुढे न धाडता परत करतो. इंग्रजी अक्षर एका बाइटचं. देवनागरीत एकट्या 'क'ला तीन बाइट लागतात: ई०, ए४, ९५. काना-मात्रेला आणखी तीन. इंग्रजीत दीडशेच्या वर शब्द बसतात त्या ओळीत मराठीचे पन्नास-साठ शब्द झाले की हद्द संपते. प्रोग्राम अख्खा परिच्छेद न मोडता एकाच ओळीत पाठवत होता. इंग्रजी परिच्छेद हद्दीच्या आत राहायचे, मराठी बाहेर जायचे.

"तुमच्या सर्व्हरनेच ओळी तोडून पाठवाव्यात ना," असं त्यांचं म्हणणं. वाटेतल्या सर्व्हरने ओळ तोडली की मजकूर बदलला, सही मोडली आणि पुढचा सर्व्हर मेल खोटी ठरवणार. दुरुस्ती उगमापाशीच हवी. पाठवणाऱ्या प्रोग्रामने मजकूर नियमाप्रमाणे सांकेतिक करून लहान ओळींत द्यायचा. पायथॉनमधल्या दोन ओळी बदलल्या आणि अहवाल मराठीत जाऊ लागले. त्या पोरांना मी एवढंच सांगितलं की दोष भाषेवर ढकलण्याआधी परत आलेली मेल पूर्ण वाचा. कारण त्यातच लिहिलेलं असतं.

मधल्या माणसाने आपलं शहाणपण मजकुरात घालू नये हा नियम पॅकेजवाल्यालाही लागू आहे, आणि डेबियनने त्याची किंमत मोजली आहे. २००६ साली गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या पॅकेजच्या मेंटेनरने, म्हणजे ते सांभाळणाऱ्याने, मूळ प्रोग्राममधल्या काही ओळी काढल्या. तपासणीचं साधन त्या ओळींवर तक्रार करत होतं, आणि त्याने मूळ प्रकल्पात विचारूनही घेतलं होतं. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की डेबियनवर तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या जवळपास अंदाजाने काढता येण्यासारख्या झाल्या, एका प्रकारच्या किल्लीला सुमारे बत्तीस हजार शक्यता, बस. हे उघड झालं ते १३ मे २००८ रोजी. तोवर जगभर त्या किल्ल्या बसल्या होत्या. आज प्रत्येक पॅचच्या माथ्यावर तो का लावला आणि मूळ लेखकाला पाठवला का, हे लिहायचा रिवाज आहे. मी तो काटेकोर पाळतो. माझ्या पॅकेजात सध्या मोजके पॅच आहेत, आणि ते शून्यावर आणणं हे माझं उद्दिष्ट आहे.

हे काम एकट्याचंही नाही. सुरुवातीला अपलोडचा अधिकार नसतो. दुसरा अनुभवी डेव्हलपर आपलं पॅकेज तपासतो आणि स्वतःच्या सहीने चढवतो. माझं पहिलं पॅकेज ज्यांनी तपासलं त्यांनी ते पुनःपुन्हा परत पाठवलं, दर वेळी चार नवे मुद्दे काढून. राग आला होता. आता मी दुसऱ्यांचं तपासतो तेव्हा तसंच करतो. स्वतःच्या सहीसाठी किल्ली लागते, आणि ती खरोखर तुमचीच आहे हे सहसा प्रत्यक्ष भेटलेल्या डेव्हलपरने सांगावं लागतं. चंद्रपुरात असं कुणी नव्हतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये डेबियनचं जागतिक संमेलन पहिल्यांदाच भारतात, कोचीला भरलं. केरळ एक्सप्रेस बल्लारशाहला थांबते. तिथून चढलो, एर्नाकुळमला उतरलो आणि ज्यांच्याशी फक्त मेलवर बोललो होतो त्यांना ओळखपत्र दाखवून सह्या घेतल्या.

पैसे मिळतात का, हा प्रश्न ठरलेला असतो. या पॅकेजाचे मिळत नाहीत. पण ज्या यंत्रांवर माझं घर चालतं ती याच पॅकेजांवर चालतात, आणि ती दुसऱ्या कुणीतरी तशीच फुकट सांभाळलेली आहेत.

चंद्रपूर-गडचिरोलीत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना एक सांगायचं आहे. डेबियनमध्ये अशी बरीच पॅकेजं आहेत ज्यांना आज कुणी वाली नाही. 'हाऊ-कॅन-आय-हेल्प' नावाचं एक पॅकेज आहे, ते तुमच्या संगणकावर लावा. तुम्ही स्वतः वापरता त्यातलं कोणतं बेवारस झालं आहे आणि कोणाला मदत हवी आहे, हे ते सांगतं. पॅकेज लगेच घ्यायलाच हवं असं नाही. एखादा बग आपल्या यंत्रावर होतो का ते पाहून कळवलं तरी मेंटेनरचा अर्धा दिवस वाचतो. मराठी भाषांतरालाही हात हवे आहेत. त्यासाठी पुण्या-मुंबईत असावं लागत नाही आणि चोवीस तास नेटही लागत नाही. इंग्रजी कच्चं आहे म्हणून थांबू नका. कोणती आवृत्ती, काय केलं आणि काय झालं, एवढं तीन ओळींत लिहून धाडलं तरी बग नोंदला जातो.